अडीच किलोची रेघ

“म्हणजे आपल्या टोपलीमुळे बाळं रोडावतात?” डॉ. घाटोळ्यांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं.

“रोडावतात असं नाही सर. टोपली न मिळालेल्या बाळांपेक्षा कमी वाढतात.”

“तेच ते. आपल्या खात्यात त्याला रोडावणंच म्हणतात.”

खोलीत पाच-सहा माणसं होती. मध्ये चिवड्याची परात, समोर पडदा आणि पडद्यावर माझा आलेख. घाटोळे जिल्हा आरोग्य अधिकारी. मी निमकर, पुण्याच्या एका संस्थेतून आलेला अठ्ठावीस वर्षांचा आकडेमोड्या. रिग्रेशन नावाचं गणित निघालं की माझे डोळे चमकायचे, आणि इतरांचे मिटायचे.

योजनेचं नाव ‘उबदार टोपली’. बाळ चौदा दिवसांचं झालं की नर्स घरी जाऊन त्याचं वजन करणार. अडीच किलोच्या आत भरलं तर टोपली द्यायची. टोपलीत दुपटं, दोन टोपरी, मोजे, थर्मामीटर. शिवाय दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा नर्स येऊन दूध नीट पितंय का, अंगाला ऊब आहे का, ते बघणार. अडीचच्या वर एक ग्रॅम जरी गेलं तरी काही नाही. ना टोपली, ना नर्स.

टोपलीचा खरोखर उपयोग होतो का, हे शोधायला मला बोलावलं होतं. टोपलीवाली सगळी बाळं आणि बिनटोपलीची सगळी बाळं अशी तुलना करून चालत नाही, कारण टोपली मुळात बारक्यांनाच मिळते. म्हणून मी फक्त अडीच किलोच्या रेघेजवळची बाळं घेतली. दोन हजार चारशे नव्वद ग्रॅमचं बाळ आणि दोन हजार पाचशे दहाचं बाळ यांत तसा फरक काय? वीस ग्रॅमचा. एकदा दुपटं ओलं केलं तरी तेवढा फरक पडतो. मग एकाला टोपली मिळाली, एकाला नाही, आणि तीन महिन्यांनी दोघांत मोठा फरक दिसला, तर तो टोपलीचाच.

फरक दिसला. मोठाच दिसला. रेघेच्या डावीकडे, म्हणजे टोपलीवाल्यांत, ठिपके खाली. उजवीकडे एकदम पायरी चढल्यासारखे वर. तीनशे ग्रॅमची पायरी. बिनटोपलीची बाळं गुटगुटीत आणि टोपलीवाली मागे.

“पण असं होत कसं असेल?” कोणीतरी विचारलं.

त्यानंतरची वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. एक जण म्हणाले, दुपट्यात उकडत असेल. दुसऱ्यांच्या मते नर्स वरचेवर येत असल्यामुळे आई निर्धास्त होते. लेखा विभागातले एक गृहस्थ इतका वेळ फक्त शेंगदाणे वेचत होते. ते म्हणाले, टोपलीचा रंग लाल आहे, बाळ दचकत असेल. घाटोळ्यांनी तेही लिहून घेतलं.

“सोमवारी सहसंचालक मॅडम येतायत,” ते म्हणाले. “योजना बंद करण्याची शिफारस मांडून टाकू. नऊ कंत्राटी नर्सेस मोकळ्या होतील. निमकर, तुम्ही तेवढं जाऊन दोन फोटो आणा. एक टोपलीवालं सुकलेलं बाळ, एक बिनटोपलीचं गुबगुबीत. आकडे कोणी बघत नाही हो, फोटो बघतात.”

मला आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. सरकारी योजना अपाय करते हे आलेखात इतकं स्वच्छ दिसणं म्हणजे माझ्या धंद्यात लॉटरी. फक्त ‘कसं होत असेल’ हा प्रश्न चपलेत गेलेल्या खड्यासारखा टोचत होता.

शुक्रवारी सकाळी मी टेकाम सिस्टरांच्या स्कूटरवर मागे बसलो. पुष्पलता टेकाम. त्या नऊ नर्सेसमधल्या सगळ्यात जुन्या. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या. स्कूटर अशी चालवायच्या की खड्डा चुकवायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं.

“तुमीच का ते, आमाले घरी बसवनारे?” त्यांनी मान न वळवता विचारलं.

“मी नाही सिस्टर. आकडे.”

“आकड्याले हात-पाय असते का जी? कोनी तरी आनतेच ना त्याले उचलून.” एक खड्डा. “मले एक सांगा. माह्या टोपलीनं लेकरू बारीक कसं होते?”

“कसं ते आकडा सांगत नाही. होतं एवढंच सांगतो.”

“मंग मुका हाय तुमचा आकडा. मुक्याच्या साक्षीवर नऊ बायाइले फाशी.”

“फाशी कसली, कंत्राट संपेल फक्त.”

“माहा नवरा दोन सालापासून खाटेवर हाय,” त्या म्हणाल्या. “फक्त.”

त्यानंतर बोरीखेड येईपर्यंत मी खड्डे मोजत बसलो.

बोरीखेडला वैशालीचं बाळ चौदा दिवसांचं झालं होतं. दोनच दिवसांपूर्वी बारसं झालेलं, ओसरीवर अजून पताका लटकत होत्या. आणि पताकांखाली खुर्ची टाकून बसला होता बाळाचा मामा. पंजाबराव. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज ग्रामसभेचा.

“या, या! मोजा! आपल्या भाच्याची तब्येत पाहून घ्या. पेपरात द्या.”

सिस्टरांनी पिशवीतून नियमांचा कागद काढला. त्यावर पहिलंच वाक्य होतं: ‘बाळाचे सर्व कपडे काढून वजन करावे.’ वैशालीनं अंगडं, टोपरं, दुपटं सगळं काढलं. सिस्टरांनी तुळईला काटा टांगला, झोळी अडकवली, बाळ झोळीत ठेवलं. झोळी हलली तसा आतून आवाज आला.

छुन्. छुन्.

“दोन किलो पाचशे साठ,” सिस्टर म्हणाल्या. “नाई बसत, माय.”

त्यांनी वैशालीकडे पाहिलं, वैशालीनं त्यांच्याकडे. दोघींना वाईट वाटलं असावं, असं मला वाटलं.

“नाई बसनार!” पंजाबरावांनी मांडीवर थाप मारली. “आपला भाचा काय टोपलीतला हाय?”

माझं लक्ष त्या आवाजात अडकलं होतं. मी वाकून झोळीत पाहिलं. बाळ अगदी उघडं होतं. अंगावर एक सूत नाही. पण पायांत चांदीचे वाळे, हातांत कडे, कमरेला बोटाएवढा जाड चांदीचा करदोडा. इवल्याशा देहावर एवढा ऐवज, की बाळाला दागिने घातलेत की दागिन्यांना बाळ लावलंय ते कळेना.

“हे काढून नाही का करत वजन?” मी विचारलं.

वैशालीच्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

“सव्वा महिना झाल्याबिगर?” त्या म्हणाल्या. “बारशाले मामानं घातलेलं काढते का कोनी? कुठचे हो तुमी?”

“पुण्याचे,” सिस्टर म्हणाल्या, आणि तेवढ्यानं सगळ्यांचं समाधान झालं. मग माझ्या कानाशी हळूच: “कागदावर कपडे काढा लिवलं हाय. चांदी कपडा नाई. एका सिस्टरनं मांगं काढलं होतं, अन् त्याच दिवशी लेकराले ताप आला. सालभर त्या गावात तिले कोनी पानी नाई देल्लं. फारमात चांदीचा रकानाच नाई, तं आपन कुठं लिवाचं?”

“किती आहे ही चांदी?” मी मोठ्यानं विचारलं.

हा प्रश्न पंजाबराव दोन दिवस ऐकायला आतुर असावेत.

“पंधरा तोळे! अस्सल! पावती दाखवू? चला आत्ताच्या आत्ता सोनाराकडे!”

पंधरा तोळे म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम. दोन हजार पाचशे साठ वजा पावणेदोनशे. मी पायरीवर बसलो. बाळ दोन हजार चारशेसुद्धा नव्हतं.

“साहेबाले खरं नाई वाटत,” पंजाबराव दुखावल्या आवाजात म्हणाले. “पाह्यलं ना, बसलेच खाली.”

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात ते ठिपके फेर धरून नाचत होते. बारशाला मामा चांदी घालतो. बाराव्या दिवशी बारसं, चौदाव्या दिवशी वजन. ज्या मामाची ऐपत मोठी त्याचं बारीक भाचरूही चांदीच्या जोरावर रेघ ओलांडून उजवीकडे जातं. आणि ज्या मामाच्या घरी पंधरा तोळे चांदी निघते, त्याच्या घरी म्हैसही असते. बाळंतिणीला डिंकाचे लाडू येतात, दूध येतं, भांडी घासायला बाई येते. ज्यांच्या मामाची ऐपत नाही, ती बाळं डावीकडे, टोपली घेऊन. मी तुलना टोपली आणि बिनटोपलीची करत नव्हतोच. मी मामांची तुलना करत होतो. एकतीस पानांच्या अहवालात, सात तक्त्यांत आणि बारा तळटीपांत मामा हा शब्द एकदाही नव्हता.

“सिस्टर,” मी म्हटलं, “रेघेच्या आसपासच्या चौसष्ट बाळांची चांदी मला तोलायची आहे. सोमवारच्या आत.”

त्यांनी स्कूटर थांबवली. पहिल्यांदाच मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

“तोलून काय होईन?”

“तुमची टोपली दोषी नाही, हे कदाचित दाखवता येईल.”

“मंग पहिलेच सांगाचं ना जी. मी इतके खड्डे नसते घेतले.”

सोनाराकडून लहान काटा मागून आणला. ती बाळं आता तीन-चार महिन्यांची झाली होती, त्यामुळे चांदी काढायला कोणाची हरकत नव्हती. पहिल्या गावात काम सुरळीत झालं. दुसऱ्या गावात पोचलो तर एकाही बाळाच्या अंगावर चांदीचा कण नाही. आमच्या आधी बातमी पोचली होती: सरकार चांदी जप्त करायला निघालंय, सोबत पुण्याचा माणूस काटा घेऊन फिरतोय.

“आमच्या इथं चांदीबिंदी काई नाई,” एका बाईनं दारातच सांगितलं.

“बारशाला मामानं काय घातलं?” मी विचारलं.

“मामाच नाई आमच्या लेकराले.”

तिच्या मागे ओसरीवर एक गृहस्थ चहा पीत बसले होते. चेहरा हुबेहूब तिचाच. माझी नजर गेली तशी त्यांनी कप खाली ठेवला.

“मी? मी तं दूधवाला हाव.”

“दूधवाल्याले कपबशीत चहा, अन् वर चकली?” सिस्टर म्हणाल्या.

“जुना दूधवाला हाय,” बाई म्हणाली.

दुपारपर्यंत मला त्या गावात सात दूधवाले, दोन विमा एजंट आणि एक वाट चुकलेला पाहुणा भेटला. मामा एकही नाही. मी हताश होऊन पारावर बसलो. सिस्टर मात्र उठल्या, पदर खोचला, चौकाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “ऐका वो! सरकारले पाहाचं हाय, कोन्या गावचे मामा दिलदार! बोरीखेडचा मामा पंधरा तोळ्यावर हाय. तुमच्या गावात कोनी नाई, असंच लिवून देतो. चला साहेब.”

आम्ही स्कूटरपर्यंतही पोचलो नाही. आधी तो जुना दूधवालाच धावत आला. “थांबा बाप्पा! पंधरा तोळे काय घेऊन बसले, मी अठरा घातले!” धान्याच्या कणगीतून, देवघराच्या मागून, एका घरी तर चक्क मिठाच्या बरणीतून चांदी बाहेर आली. मी तोलत होतो, सिस्टर लिहीत होत्या. आकडे जरा जास्तच चांगले यायला लागले. चौथ्या घरी सिस्टरांनी करदोडा हातात घेऊन उजेडात धरला.

“हा पोचा पडलेला करदोडा मी सकाळपासून तिसऱ्यांदा पाहून राह्यली.”

घरातल्या बाईनं भिंतीकडे पाहिलं. “बहिनीचा हाय. घटकाभर आनला. गावाची इज्जत असते ना जी.”

पुन्हा पहिल्यापासून तोललं. रविवार दुपारपर्यंत चौसष्ट पुरी झाली. या फेऱ्यांत माझ्या ध्यानात एक गोष्ट आली होती, पण मी ती बाजूला सारली. उजवीकडच्या, म्हणजे टोपली न मिळालेल्या घरांमध्येही सिस्टर थेट आत शिरायच्या. तांब्या कुठे, साबण कुठे, त्यांना ठाऊक असायचं. बाळं त्यांच्याकडे झेप घ्यायची. मला वाटलं, गाव छोटं आहे, ओळख असणारच.

रात्री खोलीवर बसून चांदी वजा केली. रेघेच्या उजवीकडे होती पस्तीस बाळं. त्यांतली सत्तावीस खऱ्या वजनानं डावीकडची निघाली. माझी सुंदर पायरी कोसळली होती.

सोमवारी मॅडम आल्या. घाटोळ्यांनी लाल टोपली पुराव्यादाखल टेबलावर ठेवली होती.

“माझा आलेख बरोबर आहे,” मी उभा राहून म्हटलं, “त्याचा अर्थ मी चुकीचा लावला.” आणि मामांची सगळी कथा सांगितली. मॅडम आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि वहीत लिहायला लागल्या.

“म्हणजे टोपली चांगली आहे?” घाटोळ्यांनी विचारलं.

“माहीत नाही सर.”

“म्हणजे वाईट आहे?”

“तेही माहीत नाही.”

“अहो निमकर, चार महिने तुम्ही इथे आहात! काहीतरी माहीत असेल?”

“आपल्याला माहीत नाही, हे आता नक्की माहीत आहे.”

घाटोळ्यांनी हताश होऊन टोपलीकडे पाहिलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. “कळायला काय करावं लागेल?”

“वजन अकराव्या दिवशी करायचं. बारशाच्या आधी. आणि एक वर्ष थांबायचं.”

“मग थांबू या. मामांच्या चांदीवरून योजना बंद केली का, असं विधानसभेत कोणी विचारलं तर मंत्र्यांना मी काय उत्तर लिहून देऊ?”

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर टेकाम सिस्टर बसल्या होत्या. सकाळी आठपासून. मी जाऊन शेजारी बसलो.

“एक वर्ष मिळालं,” मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मग पदरानं चेहरा पुसून म्हणाल्या, “साहेब, चहा पाजतो तुमाले.”

“पाजा. पण सिस्टर, या वर्षी अगदी नेमानं करायचं. अडीचच्या आत असेल त्याच्याकडे दहा आठवडे जायचं. वर असेल त्याच्याकडे अजिबात नाही. आतापर्यंत करत आलात तसंच.”

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

“सिस्टर?”

“आतापर्यंत कोनं केलं तसं?” त्या हळूच म्हणाल्या.

तांब्या, साबण, झेप घेणारी बाळं, सगळं एकदम समोर आलं.

“आता तुमचं काम झालं म्हनून सांगतो,” त्या म्हणाल्या. “वैशालीचं लेकरू माह्या हातात होतं जी. मले काय काटा लागते? कबुतराएवढं होतं. काटा म्हने नाई बसत. मी टोपली नाई देल्ली, ते सरकारची हाय. पन पाय तं माहे हायेत. ड्युटी झाली का जाऊन येतो. अशे लय हायेत.”

“किती दिवसांपासून?”

“योजना सुरू झाली तवापासून.”

“आणि बाकीच्या आठ जणी?”

“आमी नऊजनी दर सोमवारी एका टेबलावर डबा खातो.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जगातला सगळ्यात भोळा माणूस आहे. “यादीबाहेर गेलं का कंत्राट जाते, असं लिवलेलं हाय. म्हनून कोनी लिवत नाई.”

म्हणजे नर्स दोन्हीकडे जात होती. रेघ फक्त माझ्या कागदावर होती. मी तीनशे ग्रॅमचं कारण आधी टोपलीत शोधलं, मग मामाच्या खिशात. आणि ज्या गोष्टीचा परिणाम मला मोजायचा होता, ती रेघेच्या दोन्ही बाजूंना स्कूटरवरून फिरत होती.

“सिस्टर,” मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य बोलताना मला माझाच आवाज परका वाटला, “खरं कळायचं असेल तर एक वर्ष त्या वरच्या बाळांकडे जाऊ नका.”

“अन् लेकरू बारीक दिसलं तं?”

मी शिकलेल्या एकाही पुस्तकात याचं उत्तर होतं का, ते आठवून पाहिलं. समोर झाडाखाली घाटोळ्यांचा ड्रायव्हर गाडी पुसत होता. त्याची एक बाजू पूर्ण पुसून झाली.

“तर जा,” मी शेवटी म्हटलं. “पण मला कळवा. लिहून नको, फोन करा. नऊच्या नऊ जणी.”

“तुमाले काय उपेग?”

“कोणाकडे गेलात एवढं तरी मला माहीत असेल.”

मी एक निळी वही केली. खरं सांगायचं तर त्या वहीचा आकडेशास्त्राला काहीही उपयोग नव्हता. ज्या बाळाची काळजी वाटेल त्याच्याकडेच नर्स जाणार, मग तुलना कुणाशी करणार? हे मला तेव्हाही कळत होतं. वर्षाअखेरीस माझ्या आलेखात पायरी नव्हती. ठिपके डावीकडून उजवीकडे सरळ निघून गेले होते. मी अहवालात लिहिलं: ‘तुलनेच्या गटालाही सेवा पोचत असल्याचा संभव दिसतो. निष्कर्ष काढता येत नाही. अधिक अभ्यास आवश्यक.’ अभ्यास आवश्यक म्हणून योजनेला मुदतवाढ मिळाली. पुढच्या वर्षी मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं. अशी अकरा वर्षं गेली. मधे घाटोळे निवृत्त झाले. निरोप समारंभातल्या भाषणात त्यांनी सांगितलं, की टोपली ही त्यांचीच कल्पना.

वहीतली पहिली नोंद मात्र मला तारखेसकट आठवते. व्हरांड्यातल्या त्या बोलण्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी, मी पुण्यात जेवायला बसलो होतो, आणि फोन वाजला.

“साहेब, टेकाम बोलते. एक हाय. अकराव्या दिवशीचं, चांदी नाई, काई नाई. दोन हजार पाचशे तीस.”

“मुलगा?”

“पोरगी. रडतेही नाई नीट. दूध वढतच नाई.”

“टोपली?”

“कशी देनार, तीस ग्रॅम वर हाय.”

मी वहीत आकडा लिहिला. त्याच्यापुढे काय लिहावं ते कळेना.

“तुम्ही आत्ता कुठून बोलताय सिस्टर?”

“कुठून म्हनजे? तिच्या ओसरीवरून. ठेवा आता. हात धुवाचे हायेत मले.”